‘पायऱ्यांवर आजी’ शोधून देणाऱ्या ताईंना

ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. फोटोंना मराठीत नावं देणाऱ्या कुणावरही माझ्यासारखी वेळ येऊ शकते, आणि तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचायला हवं. तुमचं नाव लिहायचं नाही ही अट पाळते आहे.

आजोबांनी जपलेले फोटो स्कॅन करताना मी प्रत्येक फाइलला मराठीत नाव दिलं होतं. ‘पायऱ्यांवर आजी’, ‘कोपऱ्यात उभे आजोबा’, ‘अंगणात सगळे’, ‘मावशीचं लग्न’. आईनं एकेक फोटो हातात घेऊन जे सांगितलं, ते त्या नावांत आणि सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या कॅप्शनमध्ये आहे. ती माहिती आता दुसऱ्या कुणाकडून मिळण्यासारखी नाही. नवा कॉम्प्युटर घेतला, बॅकअप डिस्कवरून सगळं परत आणलं, फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलं, तर थंबनेलखाली एकाही फोटोचं नाव नाही.

‘नाव दिसत नाहीये, की नावच नाहीये?’ हा तुमचा पहिला प्रश्न होता. तोवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी थेट उपायच सांगितले होते: डेटाबेस, म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही, नव्यानं बनव, सगळे फोटो परत इम्पोर्ट कर, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाक. तुम्ही कशालाच हात लावू दिला नाहीत. सॉफ्टवेअर बंद करायला लावलंत, डेटाबेसच्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगितलीत, आणि मगच पुढचं बोललात. त्या सावधपणाचं मोल मला नंतर कळलं.

मग तुम्ही समजावलंत की नाव फोटोच्या आत नसतंच. कॅमेरा तारीख, शटरचा वेग वगैरे एक्झिफ नावाच्या नोंदीच्या रूपात चित्राबरोबर लिहून ठेवतो, पण फाइलचं नाव सांभाळते ती डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची व्यवस्था. फोटोंचं सॉफ्टवेअर त्याच नावाची आपली वेगळी नोंद डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि त्या नोंदीला कॅप्शन, टॅग, तारे जोडतं. म्हणजे बघायच्या जागा तीन: डिस्क, डेटाबेसमधली नोंद आणि पडदा.

पडद्याचं काम झटकन झालं. लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडवर, म्हणजे छोट्या चित्रांच्या जाळीवर, असताना नुसतं ‘जे’चं बटण दाबलं तरी थंबनेलभोवतीची माहिती कमी-जास्त होते, डिजिकॅम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव दाखवायचं की नाही ते सेटिंगमध्ये ठरतं, असं तुम्ही सांगितलंत. माझ्या सॉफ्टवेअरमध्येही तसाच एक पर्याय होता आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तो बंद होता. चालू केला आणि बहुतेक नावं आली.

बहुतेक, सगळी नाहीत. काही फोटोंच्या जागी ‘फाइल सापडत नाही’ एवढंच येत होतं, आणि त्याच फायली डिस्कवरच्या फोल्डरमध्ये मात्र व्यवस्थित उघडत होत्या, नावासकट. इथून पुढे तुम्ही जे केलंत त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. सापडलेल्या आणि न सापडलेल्या नावांच्या दोन याद्या तुम्ही मागवून घेतल्यात, आणि त्या वाचून म्हणालात, ‘हरवलेल्या प्रत्येक नावात ऱ आहे बघ.’ खरंच होता. पायऱ्यांवर, कोपऱ्यात, दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्यांबरोबर. ‘अंगणात सगळे’ला काही झालं नव्हतं, ‘मावशीचं लग्न’लाही नाही.

कारण असं निघालं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठरावीक क्रमांक देतो त्या पद्धतीत, ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा आधी र आणि त्यापाठोपाठ नुक्ता, म्हणजे खालचा टिंब. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक डिस्कवर बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, पहिला ३ बाइटचा आणि दुसरा ६ बाइटचा. माझी बॅकअप डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची होती. १९९८ साली आलेली ही फाइल सिस्टिम नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करूनच ठेवते. एकाच नावाची दोन रूपं होऊ नयेत म्हणून तिची रचनाच तशी आहे. डिस्कवर जाताना ऱ सुटा झाला आणि लिनक्सच्या नव्या कॉम्प्युटरवर तसाच सुटा उतरला. डेटाबेस मात्र एक अख्खी फाइल म्हणून कॉपी झाला, त्याच्या पोटातल्या नावांना कुणी शिवलं नाही. तिथे जुना एकसंध ऱच राहिला. सॉफ्टवेअर बाइटला बाइट लावून बघत होतं, आणि त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती.

‘हरवलेल्या नोंदी काढून टाका’ असं एक बटण समोरच होतं. ते दाबलं असतं तर त्या फोटोंची कॅप्शन आणि टॅग कायमचे गेले असते, आणि फोटो डिस्कवर सुखरूप असल्यामुळे काय गेलं ते कदाचित लक्षातही आलं नसतं. तुम्ही पहिल्याच फोनमध्ये ‘त्या बटणाकडे बघूही नकोस’ म्हणाला होतात.

उपाय त्यामानानं लहान होता. कन्व्हएमव्ही नावाचं साधन नावातली सुटी अक्षरं पुन्हा एकसंध करतं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की मुद्दाम वेगळी सूचना दिल्याशिवाय ते काहीच बदलत नाही, काय बदलेल तेवढं दाखवतं. ती यादी तुम्ही माझ्याबरोबर ओळीनं वाचलीत. र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि झीरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह अशी ऱ्य लिहायची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तशी नावं या उपायानं सुधारत नाहीत, म्हणून तेही तपासून घेतलंत. माझ्याकडे तसं एकही नाव नव्हतं. मग खरी आज्ञा दिली, सॉफ्टवेअरला फोल्डर पुन्हा वाचायला लावले, आणि सगळे फोटो आपापल्या नावासह, कॅप्शनसह जागेवर आले.

तुम्ही तिथेच थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण माणसांची ओळख फक्त नावाच्या आणि एका डेटाबेसच्या भरवशावर ठेवू नकोस, असं सांगून तुम्ही कॅप्शन फोटोच्या आत लिहायला शिकवलंत. त्यासाठीची एक्सएमपी ही पद्धत २००१ पासून आहे, २०१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि एक्झिफटूलसारख्या फुकट साधनानं आत लिहिलेलं कुणालाही वाचता येतं. फाइलचं नाव बदललं, सॉफ्टवेअर बदललं तरी फोटोत कोण आहे ते फोटोबरोबरच जातं.

हे सगळं तुम्ही एका अनोळखी बाईसाठी केलंत, जिला तुमचा नंबर दुसऱ्या कुणीतरी दिला होता. एकदाही घाई केली नाहीत. एखादी गोष्ट मला परत विचारावी लागली तर तितक्याच शांतपणे परत सांगितलीत. आईला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे आणि तिनंही आभार कळवले आहेत.

आजोबांच्या फोटोंमध्ये कॅप्शन आत लिहून झाली. आता आईच्या माहेरचे फोटो हाती घेतले आहेत, त्यात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं आहेत. अडलं तर तुम्हालाच फोन करेन.

मनापासून आभार, ताई.