‘प्रिमाव्हेरा’ उजवीकडून पाहावे

महोदय,

इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमाव्हेरा’ (वसंत) या चित्राला आपल्या पुरवणीतील लेखात निव्वळ वसंतोत्सवाचे दृश्य म्हटले आहे, ते अपुरे वाटते. सुमारे १४८० मध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेले आणि आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात असलेले हे चित्र उजवीकडून डावीकडे पाहावे लागते. निळसर अंगाचा वायुदेव झेफिरस पळणाऱ्या क्लोरिस या अप्सरेला धरतो, तिच्या तोंडातून फुले ओघळतात आणि लगतच ती फुलाफुलांच्या वस्त्रातली पुष्पदेवी फ्लोरा होऊन उभी राहते. ही कथा रोमन कवी ओव्हिडची. बळजबरीतून आलेला हा बहर (आणि वर डोळे बांधूनच नेम धरणारा प्रेमदेव क्युपिड!) पाहिल्यावर मधली शांत प्रेमदेवी व्हीनस निराळीच भासते. लेखात क्लोरिसचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

– एक वाचक, सातारा