दादाची सायकल सातव्यात अडकलीय

प्रिय लांब्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आई बरी आहे, माझा खोकला गेला, हिचं बीपी गोळीवर ताळ्यावर आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि दोन मिनिटांत आपलं जुंपतं. हा विषय मला भांडणात घालवायचा नाहीये.

दादाने सायकल सोडली.

घरात कुणाला यात काही विशेष वाटत नाही. मोठ्या वहिनी तर सुटल्यासारख्या झाल्यात. वय झालं, गुडघे दुखतात, सोडली, इतकं साधं आहे सगळ्यांना. तुला ते साधं वाटणार नाही, म्हणून तुलाच लिहितोय. आपल्या दोघांच्या सीटला धरून मागे धावणारा तो दादा, पेडल कितीही जड झालं तरी उतरायचं नाही म्हणणारा, त्याने स्वतःच्या हाताने सायकलवर जुनी चादर टाकली आणि वर म्हणाला, 'कुणाला हवी असेल तर देऊन टाका.'

ती क्रूझर त्याने किती हौसेने घेतली होती, तुला फोटो पाठवले होते ना? जाड टायर, मागे वळलेलं रुंद हँडल, पाठ सरळ ठेवून बसायचं, ऐसपैस सीट. निवृत्तीनंतर आरामात फिरायचं, कुणाशी शर्यत नाही, एवढीच त्याची इच्छा. पहिले काही महिने रोज जायचा. मग एक दिवसाआड. मग 'आज गुडघा धरलाय.' डॉक्टरांकडे मीच गेलो होतो त्याच्याबरोबर. गुडघ्याची थोडी झीज आहे, जोर लावणं कमी करा, असं ते म्हणाले. सायकल सोडा असं ते बोललेच नाहीत. दादाने मात्र तेच ऐकलं.

परवा कुणीतरी सायकल न्यायला येणार म्हणून मी ती अंगणात काढून धुवायला घेतली. देताना तरी स्वच्छ असावी. मागची दात्यांची चकती आहे ना, सात चकत्यांची, ती ब्रशने घासत होतो आणि हात थांबला. सगळ्यात लहान चकतीचे, 14 दात्यांच्या चकतीचे, दाते एका बाजूला झुकलेले, टोकं चाकूसारखी धारदार झालेली. आणि तिच्या आतल्या सगळ्या चकत्या, 16, 18, 20, 22, 24, 28, कोऱ्या करकरीत. 28 वाल्या चकतीवर कारखान्यातलं वंगण तसंच होतं रे, वर धुळीचा थर. बोटाने पुसलं तर खाली धातू आरशासारखा. एकदाही चेन चढली नव्हती तिच्यावर.

मग चेन मोजली. पिनेच्या मध्यापासून मोजलं की नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची. दादाची एक अष्टमांश वाढली होती. आणि मुठीवरचा गिअर, जो फिरवायचा असतो, तो 7 वर असा बसलेला की मला दोन्ही हातांनी पिळावा लागला.

लांब्या, म्हणजे माणूस आरामात फिरायला सायकल घेतो, सात गिअरची घेतो, आणि सगळी सायकल सातव्यात, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर, चालवतो.

तू म्हणशील, मग काय झालं, दादाच्या पायात जोर आहे. थांब, मी गणित मांडलंय, वाच आणि मग बोल. पुढच्या चकतीला 44 दाते. मागच्या चाकाचा घेर 2 मीटर 7 सेंटीमीटर, मी दोरीने मोजला. सातव्यात एका पेडलच्या फेरीत सायकल साडेसहा मीटर पुढे जाते. दादाचा वेग साधारण ताशी 15 किलोमीटर, त्याहून जास्त त्याला जायचंही नसतं. म्हणजे मिनिटाला जेमतेम 38 फेऱ्या. तोच वेग तिसऱ्यात, 22 च्या चकतीवर, ठेवला तर फेऱ्या होतात 60, आणि प्रत्येक वेळी पेडलवर जो दाब द्यावा लागतो तो सातव्यात तिसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. सपाट रस्ता, तोच वेग, तेवढंच काम. फक्त प्रत्येक दाबाला गुडघ्यावर दीडपट ओझं. सातवा गिअर मिनिटाला 60 फेऱ्यांनी फिरवायचा तर ताशी 23 च्या वर जायला हवं. दादा कशाला जातोय तेवढ्या वेगाने!

आणि त्यात क्रूझरची बैठक. सीट खाली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी, कारण त्याला ते सुरक्षित वाटतं. सीट खाली म्हणजे पेडल वर आलं की गुडघा जास्त दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यानेच सगळा जोर द्यायचा. पेडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. पेडल सीटच्या बरंच पुढे असलेल्या ज्या क्रूझर येतात, त्यांत पायही टेकतात आणि गुडघाही मोकळा राहतो. दादाची तशी नाही. तिची सीट दोन बोटं वर घ्यायला हवी, एवढं तर मी केलंच. (तू मात्र कुठल्याही क्रूझरवर बसलास तरी तुझे गुडघे हँडलला लागणार, त्याला इलाज नाही.)

आता मूळ मुद्दा. हे त्याला कुणी सांगितलं नाही असं नाही. मी सांगितलं होतं, सायकल आली त्याच आठवड्यात. तो हसला आणि म्हणाला, 'पाय गरागरा फिरवत कोण जाणार, मला आरामात जायचंय.' त्याच्या डोक्यात आराम म्हणजे पाय हळू. पाय सावकाश फिरतायत, माणूस ऐटीत चाललाय, असं बघणाऱ्याला दिसतं खरं. पण पायांना तो आराम नसतो. आराम असतो पेडल हलकं असण्यात, चढ असो, वारा असो, पाय त्याच एका लयीत फिरत राहण्यात. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या, बोलता बोलता, दम न लागता. शर्यतवाले नव्वदच्या आसपास फिरवतात, तेवढं आपल्याला नकोच. गिअर त्या लयीसाठी असतात. वेगासाठी असतात हा गैरसमज दादाच्या डोक्यात कुणी घातला, सांगू?

तू. आठवतंय का, पुलापलीकडच्या चढावर, मी नवी गिअरची सायकल आणली होती तेव्हा? तू पेडलवर उभा राहून एकाच गिअरवर वर गेलास आणि वरून ओरडलास, 'गिअर म्हणजे पळवाट!' दादा खाली उभा होता. त्याला ते वाक्य इतकं आवडलं की अजून सांगतो सगळ्यांना. त्या वेळी तू मला टूर द फ्रान्सचा दाखला दिला होतास, की ती शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला गिअर अजिबात मान्य नव्हते. खरं आहे. 1903 मध्ये शर्यत सुरू झाली आणि 1937 पर्यंत तिथे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर चालत नव्हता. पण पुढचं तू कधी सांगितलं नाहीस. ते सगळे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चकत्या लावून यायचे, आणि मोठा चढ आला की खाली उतरून, चाक काढून, उलटं बसवून पुढे जायचे. म्हणजे हलका गिअर त्यांनाही हवाच होता, फक्त उतरून घ्यावा लागत होता. हे उत्तर मला त्या चढावर सुचलं नाही, आता सुचलंय, तर घे.

शिवाय उभं राहून चढायची तुझी ती युक्ती क्रूझरवर चालतच नाही. हँडल मागे पोटाशी येतं, वजन सगळं मागच्या चाकावर, उभा राहिलास की गुडघ्यांना जागा नाही. क्रूझरवर बसूनच चढायचं असतं आणि बसून चढायचं तर गिअर आधी उतरवायचा. चढाला लागल्यावर, सगळा जोर चेनवर असताना मूठ पिळली की चेन कडकडते आणि अडकते. दादाने एकदा तसं केलं, चेन उतरली, आणि तेव्हापासून त्याने मुठीला हातच लावला नाही, असं मोठ्या वहिनी म्हणाल्या. किती लहान गोष्ट, बघ! चढ दिसला की आधीच, पेडल फिरतं ठेवून, अर्धी फेरी पाय हलका सोडायचा आणि एकेक गिअर खाली यायचं. थांबायच्या आधीही तसंच, तिसऱ्या-दुसऱ्यावर येऊन थांबायचं, कारण डिरेलरची सायकल उभी असताना गिअर बदलत नाही आणि मग निघताना पहिलाच दाब सातव्यात द्यावा लागतो. दादाचा गुडघा मुख्यतः त्या निघण्यातच गेला असणार, माझी खात्री आहे.

वाऱ्याचंही तेच. समोरून ताशी 15 चा वारा असेल आणि तू 15 ने चाललास तर अंगावर 30 चा वारा येतो, आणि विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताठ बसलेला माणूस म्हणजे सगळी छाती वाऱ्याला दिलेली. अशा दिवशी दोन गिअर खाली यायचं, वेग जाऊ द्यायचा, पायांची लय ठेवायची. दादा वेग धरून ठेवायचा. घरी आला की खुर्चीतून उठताना भिंत धरायचा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. डिरेलरला मागे दोन बारीक स्क्रू असतात, तुला माहीत आहेत. एक चेनला मोठ्या चकतीवरून आऱ्यांत जाऊ देत नाही, दुसरा लहान चकतीच्या बाहेर. तो दुसरा थोडा आत पिळला की चेन सातव्यावर जातच नाही. आणखी पिळला तर सहाव्यावरही नाही. पेचकस माझ्या हातात होता, लांब्या. मूठ 7 वर, चेन मात्र पाचव्यावर, दादाला कळलंही नसतं. चार दिवसांनी म्हणाला असता, सायकल धुतल्यावर हलकी झाली रे!

दोन रात्री हेच घोळतंय डोक्यात. एक मन म्हणतं, त्यानेही आपल्या सीटवरचा हात न सांगताच सोडला होता, आणि म्हणून तर आपण शिकलो. दुसरं मन म्हणतं, आपण तेव्हा पोरं होतो. दादा पोर नाही. त्याच्या सायकलमध्ये त्याच्या नकळत हात घालायचा आणि मग रोज त्याच्यासमोर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. आणि खरंच कळलं तर? त्याला वाटेल, धाकट्या भावाने आपल्याला म्हाताऱ्यात काढलं. मग तो सायकलच काय, माझ्याशी बोलणंही सोडेल, तू ओळखतोस त्याला. मी स्क्रूला हात लावला नाही. सायकल न्यायला आलेल्याला मात्र परत पाठवलं, आणि दादाला म्हटलं की चेन खराब आहे, बदलून मग देऊ. तेवढं तर खरंच आहे.

तुझ्याकडचं काय? मुलीचा निकाल कळला, अभिनंदन, तिला सांग काकाने पाठ थोपटलीय. घराचं काम अजून चालू असेल तर त्या सुताराला आधी पैसे देऊ नकोस. आणि वहिनींसाठी सायकल घ्यायची म्हणत होतास ना, ती मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच तीन गिअर असलेली घे. ते उभ्या सायकलवर बदलतात, चेन उतरायची भानगड नाही. मधला गिअर सरळ एकास एक, खालचा पाऊणपट, वरचा एक पूर्णांक एक तृतीयांश, ही स्टर्मी-आर्चर या हब बनवणाऱ्या कंपनीची जुनी मापं आहेत आणि सपाट रस्त्याला पुरतात. फार चढ असतील तर सात किंवा आठ गिअरचं हब बघ.

तर तू ये. मी सांगून तो ऐकणार नाही, कारण मी त्याच्या लेखी नेहमीच गिअरवाला. 'पळवाट' म्हणणारा तू होतास, तूच म्हणालास की दादा, तिसऱ्यात चालवून बघ, तर त्याला ते ऐकावं लागेल. भाषण देऊ नकोस. त्याच्याबरोबर निघ, त्याच्याच वेगाने, तुझा गिअर हलका ठेव, आणि पुलापर्यंत बोलत राहा. तो धापा टाकत असेल आणि तू बोलत असशील. तिथे थांबलात की फक्त एवढंच म्हण, मूठ थोडी आपल्याकडे फिरव. चढाच्या आधी सांग, चढावर नको.

नवी चेन आणि नवी चकती मी तू यायच्या आधी बसवतो. जुन्या चकतीवर नवी चेन टाकली तर सातव्यात जोर लावला की घसरते आणि पाय निसटतो, ते व्हायला नको. केबलही बदलतो, म्हणजे मूठ एका बोटाने फिरेल. जुनी चकती ठेवली आहे, तुला दाखवायची आहे. त्याला दाखवायची की नाही ते तू ठरव.

सुट्टी कधी मिळते ते कळव. शनिवारी रात्री पोचलास तर रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत निघता येईल. दादाला मी एवढंच सांगणार आहे की लांब्या येतोय आणि त्याला सायकल चालवायची आहे. तुझ्यासाठी माझी सायकल आहे, सीट तुझ्या उंचीला चढवून ठेवतो.

तुझा,
गिअरवाला