‘आपला समाज’ म्हणजे कोण कोण?

संपादक महोदय,

‘आपला समाज’ असे सभांमधून सर्रास म्हटले जाते. त्यात कोण येते, हे मात्र बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात, अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दाराआडच्यांना आपला समाज पुरा वाटत होता. बाहेर बसलेल्यांना त्यात जागाच नव्हती.

आज आमच्या सोसायटीच्या बैठकीला फ्लॅटमालकच असतात. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणारे भाडेकरू, गेटवरचे वॉचमनकाका, धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांना कुणी विचारत नाही. पाण्याची वेळ बदलली की मावशींची पुढची चारही घरे रखडतात. निदान अशा विषयांवर तरी त्यांना बैठकीला बोलवावे, ही शहरातल्या सर्व सोसायट्यांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक