शत्रूच्या आईचा आक्रोश

महोदय,

ग्रीक नाटककारांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सोफोक्लीसच्या ‘ईडिपस’विषयी त्यात मनापासून लिहिले आहे, पण ‘ग्रीक शोकांतिका म्हणजे नियतीपुढे माणसाची हार’ हे लेखाचे सूत्र मला पटले नाही. मी नोकरीभर प्राचीन इतिहास शिकवला. ग्रीक-पर्शियन युद्धांचा भाग आला की सनावळ्यांआधी मी वर्गात एक नाटक वाचून दाखवत असे. त्याचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

ते नाटक म्हणजे अथेन्सचा नाटककार एस्किलस याचे ‘पर्शिअन्स’. इ.स.पू. ४९० मध्ये एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत पर्शियनांशी लढला. त्याचा भाऊ किनेगिरस तिथेच पडला. शत्रूचे जहाज पकडताना कुऱ्हाडीने त्याचा हात तोडला गेला, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. पुढे ४८० मध्ये पर्शियनांनी अथेन्स जाळले आणि सालामिसच्या सामुद्रधुनीत त्यांच्या आरमाराचा धुव्वा उडाला. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी हे नाटक झाले. त्या लढाईत वल्ही मारलेली माणसे प्रेक्षकांत असणारच. त्यांना एस्किलसने काय दाखवले? शत्रूची राजधानी सुसा, बातमीसाठी जीव टांगणीला लागलेले वृद्ध दरबारी आणि पर्शियाचा राजा झेरेक्सीस याची आई. अथेन्सचा धनी कोण, असे ती विचारते. ते कुणाचेच गुलाम नाहीत, असे उत्तर मिळते. मग दूत येऊन पडलेल्या पर्शियन सरदारांची नावे एकामागून एक घेतो. जिंकलेल्या ग्रीकांपैकी मात्र एकाचेही नाव अख्ख्या नाटकात नाही!

आणि यात सगळे नियतीवर ढकललेले नाही. झेरेक्सीसच्या मृत वडिलांचे, दारियसचे, भूत येते ते पोटच्या मुलाला बोल लावते. आशिया आणि युरोप यांमधल्या हेलेस्पाँट सामुद्रधुनीवर पूल बांधून समुद्राला जखडू पाहण्याचा उन्माद झेरेक्सीसचा स्वतःचा होता.

या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. खर्च उचलला होता पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीसने. याच अथेन्सने त्याआधी फ्रिनिकस या नाटककाराला एक हजार द्राख्मांचा (ग्रीक नाणी) दंड केला होता, कारण पर्शियनांनी जिंकलेल्या मिलेटस या ग्रीक शहराच्या पाडावावरचे त्याचे नाटक पाहून सगळे प्रेक्षागृह रडले. आपल्या माणसांचे दुःख दाखवले म्हणून दंड आणि वैऱ्याचे दाखवले म्हणून मान, हे मला आजही विलक्षण वाटते.

दुसरे नाटक युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’. अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांची कत्तल केली, बायका-मुलांना गुलाम म्हणून विकले. त्यानंतर काही महिन्यांतच, इ.स.पू. ४१५ च्या वसंतात, डायोनिससच्या उत्सवात हे नाटक झाले. तटावरून फेकून मारलेल्या लहानग्या अस्त्यानाक्सला त्याचे वडील, ट्रॉयचा वीर हेक्टर, यांच्या ढालीवर ठेवून आणतात आणि त्याची आजी हेक्युबा त्याची अखेरची तयारी करते. तिला या दशेला आणणारे ग्रीकच आहेत. या वेळी बक्षीस दुसरे मिळाले. पहिले झेनोक्लीसला गेले. त्याच वर्षी अथेन्सचे आरमार सिसिलीच्या मोहिमेवर निघाले.

लेखमाला पुढे चालणार असेल तर या दोन नाटकांवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. ‘पर्शिअन्स’मधले दूताचे सालामिसचे वर्णन मराठीत संपूर्ण छापता आले तर फारच उत्तम.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका