पदवी दिलीत, नोंदणी कधी? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यात नुकत्याच निघालेल्या एका कंत्राटी भरतीच्या ऑनलाइन अर्जात अर्हतेची यादी आहे. नर्सिंग आहे, फार्मसी आहे, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) आहे. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा पदवीधर सहायक, नाही. ‘इतर’ निवडून अर्ज भरलेली मुले छाननीतच बाद झाली. बारावीला जीवशास्त्र, मग तीन वर्षे वर्ग आणि वॉर्ड, वर एक वर्ष इंटर्नशिप. एवढे करून सरकारदरबारी त्यांची किंमत बारावी पासची. ज्या घराच्या द्राक्षबागेवर आधीच सोसायटीचे कर्ज आहे, त्या घराने शिक्षणासाठी दुसरे कर्ज काढले, ते हे ऐकायला?

साहेब, हा अभ्यासक्रम काल उगवलेला नाही. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ साली तो सुरू झाला. बायपासच्या वेळी पायातली शीर काढणारे हात तिथे तयार झाले. डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्यसेवकांसाठी केलेल्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हेच पद फिजिशियन असोसिएट या नावाने आहे. राज्यांनी नोंदणीसाठी सहा महिन्यांत परिषद नेमावी, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने अभ्यासक्रमाचा आराखडाही जाहीर केला. कायदा आहे, आदेश आहे, आराखडा आहे. अर्जात एक ओळ वाढवायला आणखी काय हवे?

आता इंटर्नशिपचे. कागदावर मेडिसिन, सर्जरी, आयसीयू, थिएटर, कॅज्युअल्टी अशी फिरती असते. प्रत्यक्षात जिथे माणूस कमी, तिथे मूल अडकते. सर्वांत जास्त अडकते ते सरकारी आरोग्य योजनेच्या फाइलींमध्ये: फोटो अपलोड करा, प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाका, डिस्चार्ज कार्ड टाइप करा. डिस्चार्ज कार्ड लिहिणे हे शिक्षण आहेच, पण रुग्ण स्वतः तपासून लिहिले तर. दुसऱ्याच्या नोंदी उतरवून हिस्टरी घेता येत नाही. शेवटच्या आठवड्यात लॉगबुकवर वर्षभराच्या सह्या एका बैठकीत होतात. त्या सह्यांवरून कोणालाच कळत नाही, की या मुलाने धमनीतून एबीजीचा (रक्तातले वायू मोजण्यासाठीचा) नमुना घेताना नुसते पाहिले, हाताखाली मदत केली की देखरेखीखाली स्वतः घेतला. हे तीन रकाने वेगळे हवेत आणि सही त्याच दिवशी हवी. नाहीतर ड्रेन (शस्त्रक्रियेनंतरचा स्राव बाहेर नेणारी नळी) कधी न काढलेले मूल नोकरीच्या पहिल्या रात्री तो काढायला उभे राहते.

आणि ती रात्रच खरी धोक्याची. दोन वाजता डॉक्टर फोनवर सांगतात, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) ४० मिलिग्रॅम शिरेतून द्या. रात्रपाळीची फिजिशियन असिस्टंट मुलगी ते ट्रीटमेंट शीटवर लिहिते, वेळ टाकते, सिस्टर इंजेक्शन देतात. सकाळी त्या ओळीखाली डॉक्टरांची सही हवी. राउंड घाईत उरकला की ती राहते. पोटॅशियम उतरले, ठोके बिघडले, नातेवाईक जमले, की केसपेपरवर अक्षर त्या मुलीचे! १९४५ च्या औषध नियमांनुसार प्रिस्क्रिप्शन नोंदणीकृत डॉक्टरचेच चालते. मग तिने लिहिले ते काय होते? डॉक्टरांचा निरोप, की तिचा गुन्हा? तिच्याकडे नोंदणी क्रमांक नाही, कामाची लेखी मर्यादा नाही, आणि बहुतेक वेळा नेमणूकपत्रावर पदही भलतेच असते.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९६५ साली नौदलातले माजी वैद्यकीय सेवक घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे आज मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना, आणि त्यानंतरच नोकरी. ब्रिटनमध्ये या पदावरून डॉक्टरांनी मोठा वाद घातला, तरी डिसेंबर २०२४ पासून नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली. आपल्याकडे आधी प्रवेश, मग शुल्क, मग पदवी, आणि परवान्याचा प्रश्न मुलांनी विचारायचा.

आमचे म्हणणे मोठे नाही. राज्याच्या नोंदवहीत या पदवीधरांना क्रमांक द्या. ते काय करू शकतात, काय देखरेखीखाली, काय अजिबात नाही, याचा शासन निर्णय काढा. फोनवरची ऑर्डर लिहून, उलट वाचून दाखवून, डॉक्टरांच्या नावासह नोंदवावी आणि २४ तासांत त्यांची सही व्हावी, हे त्यातच घाला. इंटर्नशिपला विद्यावेतन बंधनकारक करा. आणि जत, आटपाडी, माण, पाटण या तालुक्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) पद निर्माण करा.

पदनिर्मितीचे नाव काढले की फाइल वित्त विभागाकडे जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. नव्या महाविद्यालयाला, वाढीव जागांना मंजुरी देताना हा विभाग आडवा येत नाही. शिकवण्यापुरते मूल हवे, पगारापुरते नको. डायलिसिस तंत्रज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, थिएटर तंत्रज्ञ, सगळ्यांचे हेच चालले आहे: ११ महिन्यांचा आदेश, मध्ये एजन्सी, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. रुग्णालय कायमचे, आजार कायमचे, फक्त हात तात्पुरते. या धोरणाला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही जाहीरपणे नोंदवत आहोत.

पुढच्या प्रवेशफेरीची माहितीपुस्तिका छापण्याआधी नोंदणीचा निर्णय जाहीर करा. तो होत नसेल, तर ‘या पदवीस राज्य शासनाच्या सेवेत सध्या पद नाही’ हे वाक्य त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, शुल्काच्या आकड्याशेजारी, छापायला लावा.

कळावे,
फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रमाचे वॉर्ड-शिक्षक,
मिरज, जि. सांगली