झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीला

नाव इथे लिहीत नाही, म्हणून नुसतंच 'मुली' म्हणतो. अनेक आशीर्वाद.

डोंबिवलीत भर पावसात बायोडेटाच्या दहा प्रती काढायला आलेला तो काका मीच. अंबरनाथचा कारखाना बंद पडला तेव्हा मला ५६ वं लागलं होतं. पीएफची पूर्ण पेन्शन ५८ ला. आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात. आठ महिने अर्ज टाकत होतो. मोबाइलवरच्या फॉर्मात सरकवत सरकवत जन्मसाल १९६८ येईपर्यंत अंगठा दुखायचा. उत्तर मात्र नाही. 'कळवतो' एवढंही कुणी कळवलं नाही.

तू प्रती काढल्याच नाहीस. "काका, हे ऑनलाइन टाकताय?" म्हणत माझा दोन रकान्यांचा, चौकटींचा, फोटोवाला बायोडेटा नोटपॅडमध्ये चिकटवलास. "अर्ज आधी मशीन वाचतं, त्याला असा दिसत असेल." 'विवाहित'च्या पुढे 'टॅली' हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि 'छंद : वाचन'च्या पोटात माझी ३१ वर्षं! हसावं की रडावं कळेना.

मग विचारलंस, "पण तुम्ही रोज करायचात काय?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सुटलोच. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जुना स्टॉक कसा चढवला, दर महिन्याला ११ तारखेचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० चं कर भरायचं ३बी, आणि एकदाही लेट फी नाही. तू तेच वर टाकलंस. जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव काढलंस. मी म्हटलं, वय लपवायचं? "लपवत नाही हो, आधी काम तर वाचू देत."

नंतरच्या एका व्हिडिओ मुलाखतीत समोर माणूसच नव्हता, नुसते स्क्रीनवर प्रश्न आणि उत्तराला ठरावीक वेळ. 'नमस्कार' म्हणून मी उत्तराची वाट बघत बसलो, तेवढ्यात पहिल्या प्रश्नाची वेळ संपली. पुढच्या प्रश्नांना तू ए-फोरच्या रिमांना टेकवलेल्या मोबाइलमागे उभी राहून मान हलवत राहिलीस. मला बोलायला कुणीतरी हवं म्हणून. ती नोकरी गेलीच म्हणा.

आता कल्याणला एका सीएंकडे आठवड्यातून चार दिवस जातो. पगार पूर्वीच्या निम्मा. त्यांनी वाचता वाचता लेट फीच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

तू त्या दिवशी नव्या बायोडेटाच्या प्रिंटचे फक्त २० रुपये घेतलेस. मंगळवारी मला सुट्टी असते. दुकानात गर्दी असेल तर गल्ल्यावर बसायला येतो. तेवढा हिशोब जमतो मला.

तुझा,
काका