रिओबांबाहून (इक्वेडोर) आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तू नुसतं “बरं” म्हणून फोन बाबांकडे दिलास आणि बाबाही गप्पच, म्हणून लिहितेय. रिओबांबात आणखी दोन वर्षं राहायचं ठरवलंय. सहीसुद्धा करून झाली. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण विचारलं असतं तर तू भूकंपाचंच काढलं असतंस.

तर ते आधी. जुनं रिओबांबा इथून वीसेक किलोमीटरवर, कोल्ता तळ्याजवळ होतं. ४ फेब्रुवारी १७९७ ला भूकंपात ते पडलं, डोंगर खचून काही वस्ती गाडली गेली. मग लोकांनी गावच हलवलं, तापीच्या सपाट माळावर. (बाबा, माळाचं नाव खरंच तापी.) किल्लारी हलवलं तसंच, दोनशे वर्षं आधी. रस्ते रुंद, सरळ, काटकोनात; जुनी घरं बुटकी. कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीला मात्र पडलेल्या गावातले कोरीव दगड आणून लावलेत. मागची इमारत त्या मानाने अगदीच साधी.

पुन्हा भूकंप होणारच नाही, असं नाही म्हणत. पण खोली तळमजल्यावर आहे, पलंगाच्या वर फळी-कपाट काही नाही, आणि उशाशी टॉर्च असते. सवय कुणाची, ते सांगायला नको.

बाबा, इथल्या मुख्य चौकात पुतळा लढवय्याचा नाही, तुमच्या मोजणीवाल्याचा आहे! पेद्रो विसेन्ते माल्दोनादो, जन्म १७०४, जुन्या रिओबांबातलाच. या मुलखाचा नकाशा त्याने काढला. इक्वेडोरची पहिली राज्यघटनाही १८३० साली याच गावात झाली, तेव्हा आडगाव समजू नका. इथला चिंबोराझो पर्वत ६,२६३ मीटर. एव्हरेस्टहून बुटका, पण विषुववृत्ताशी पृथ्वी फुगीर, म्हणून पृथ्वीच्या मध्यापासून सगळ्यांत लांब टोक त्याचंच.

जेवणाचं नीट आहे गं. २,७५० मीटरवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तासभर भिजवून, कुकरला दोन शिट्ट्या जास्त. बटाटे, मका, बाकला, किनवा शनिवारच्या बाजारात हवे तेवढे. मंडईत आख्खी भाजलेली डुकरं मांडलेली असतात, तिकडे मी बघत नाही. चिंबोराझोचा बर्फ घातलेला रसही पीत नाही, शपथ. मिक्सर पाठवू नकोस. इथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपला चालायचा नाही. गोधडी पाठव, तुझ्या जुन्या साड्यांचीच. रात्री बारा महिने थंडी असते आणि त्या वासाशिवाय झोप लागत नाही.

आता ऐका. यायचं म्हणालात तर आधी डॉक्टरांना विचारायचं, बाबांच्या बीपीला ही उंची चालेल का म्हणून. हो म्हणाले तर क्विटोला उतरून आधी बान्योसला दोन रात्री. ते १,८०० मीटरवरच आहे. मग इकडे, आणि पहिले दोन दिवस चढ नाही, जड जेवण नाही. गोळी चुकवायची नाही, बाबा. “आज बरं वाटतंय” हे कारण नाही.

आणि आई, टॉर्चचे सेल बदल. दिवाळीत पिवळा उजेड पडत होता.

तुमची,
छोटी